नमुन्याची पेटी

पेटीवाला धापा टाकत चौकीच्या दगडी पायऱ्या चढून आला, तेव्हा आचारी पोपटासाठी बिस्किटं भिजत घालत होता.

ही सैन्याची बिस्किटं. खालच्या कार्यालयात त्यांना पौष्टिक म्हणत, चौकीवर फरशी म्हणत. धडधाकट जवान ती दाढेखाली धरायचा, मान वाकडी करायचा आणि कडकन आवाज झाला की कुस्ती जिंकल्यासारखा इतरांकडे बघायचा. पोपटाला ते आता जमत नव्हतं. त्याच्या हिरड्या सुजून जांभळ्या झाल्या होत्या, नुसती जीभ लागली तरी रक्त यायचं. लहानपणी सायकलवरून पडून नडगीला झालेली जखम, जी कधीच भरून आली होती, तीही आपणहून उसवली होती. कंपाउंडरने ती पाहिली आणि म्हणाला, "ताजं, हिरवं, आंबट. याला दुसरं औषध नाही." चौकीवर जीवनसत्त्वाच्या गोळ्या होत्या. पण त्यांची मुदत संपून इतका काळ लोटला होता की डबीतून काढतानाच त्यांची भुकटी व्हायची.

पोपट म्हणजे चौकीचा वायरलेसवाला. दिवसभर यंत्रापुढे बसून बोलायचा, म्हणून पोपट. त्याला खाली इस्पितळात न्यावं असा निरोप कंपाउंडरने पुन्हा पुन्हा दिला, आणि दर वेळी तो पोपटालाच यंत्रावरून वाचून दाखवावा लागला. "रुग्णाच्या हिरड्यांतून रक्तस्राव," असं तो स्वतःबद्दल सांगायचा, मध्येच रुमालात थुंकायचा आणि पुढचा शब्द घ्यायचा. खालून उत्तर यायचं : मंजुरी विचाराधीन आहे, रुग्णाची प्रकृती स्थिर आहे काय? मग पोपटच कळवायचा की नाही, स्थिर नाही.

"नवरदेव," आचारी त्याला चिडवायचा, कारण पोपटाचं लग्न ठरलं होतं, "असाच गेलास तर सासरची माणसं विचारतील, हे आजोबा आले, मुलगा कधी येणार?"

"मामा, बिस्किट भिजलं का तेवढं सांग," पोपट म्हणायचा. चौकीवर सगळेच आचाऱ्याला मामा म्हणत.

खिंड बंद व्हायला आली होती. एकदा ती बर्फाने मिटली की वितळेपर्यंत वर काही येत नाही आणि खाली कुणी जात नाही. त्याआधी मोठे साहेब एकेक चौकी तपासतात, आणि शेवटच्या खेचरांवर काय लादायचं ते त्या तपासणीवर ठरतं. ताजा शिधा पुरेसा असा शेरा पडला तर खेचरांवर रॉकेल आणि डबे चढतात. अपुरा असा पडला तर लिंबं, कांदे, नव्या गोळ्या. या चौकीवर उन्हाळ्यापासून लिंबाचं सालही आलेलं नव्हतं.

पण पेटीवाला मात्र आला होता.

पेटीवाला खालच्या कोठाराचा माणूस. मोठे साहेब रोज एक चौकी हेलिकॉप्टरने तपासत आणि मुक्कामाला खाली परतत. पेटीवाला आपली दोन खेचरं घेऊन आदल्या दिवशी त्या चौकीवर हजर होई. पेटी उघडायची, पांढऱ्या चादरीवर फळं, भाज्या, अंडी मांडायची, तपासणी आटोपली की सगळं परत भरायचं आणि अंधार पडायच्या आत पुढची चौकी गाठायची. साऱ्या चौक्यांचा मिळून ताजा शिधा तो एवढाच होता. एक पेटी.

"काय मामा, ओळखलंस का?" पेटीवाल्याने स्वयंपाकघरात डोकं घातलं.

"तुला कोण विसरेल? वर्षातून एकदा जेवणाचं दर्शन घडवतोस."

"मग पाया पड आणि चहा दे."

चहा पिऊन त्याने पेटी जेवणाच्या खोलीत आणवली आणि झाकण काढलं. चौकीवर तशी माणसं थोडी. ज्यांचा पहारा नव्हता ती सगळी जमली. कागदात गुंडाळलेली संत्री, सफरचंदं, लिंबं, टोमॅटो, भुश्यात रोवलेली अंडी, एक कोबी. बरेच दिवस पांढरा, राखाडी आणि खाकी याखेरीज रंग न पाहिलेल्या डोळ्यांना तो प्रकार सोसेना. आचाऱ्याने सवयीने नाकाने श्वास घेतला. वास आला नाही. थंडी आहे, त्याने स्वतःला सांगितलं, थंडीत कशालाच वास नसतो.

"मागे व्हा रे. माझ्या टोमॅटोंवर श्वास टाकू नका."

"एक संत्रं," पोपट म्हणाला. "फोडीसुद्धा नकोत. नुसता रस."

"आणि परवा पुढच्या चौकीवर काय मांडू? तुझं तोंड?"

सगळे हसले. पोपटही हसला. हसताना त्याने तोंडावर हात धरला, आणि हात खाली घेतला तेव्हा तळव्यावर लाल उमटलं होतं. मग हसणं थांबलं. पेटीवाल्याने नजर वळवली आणि संत्र्याचा कागद नीट करत बसला.

आचारी तडक छोट्या साहेबांच्या खोलीत गेला. छोटे साहेब म्हणजे चौकीचा प्रमुख. वयाने आचाऱ्याच्या धाकट्या भावाएवढा, पण आल्यापासून हसताना कुणी त्याला पाहिलं नव्हतं. खोलीत एक खाट, एक मेज, एक छोटी खिडकी. साहेब खिडकीशी उभे होते, गळ्यात दुर्बीण.

"साहेब, उद्या ती पेटी मांडायची नाही."

"मांडायची आहे."

"पोराचे दात हलायला लागलेत. मोठ्या साहेबांना रिकामं टेबल दिसू द्या. आमच्याकडे काही नाही ते दिसू द्या."

साहेबांनी दुर्बीण उतरवली. "मामा, नीट ऐक. कागदावर माल वर आलेला आहे. दर महिन्याला आलेला आहे. उद्या टेबल रिकामं दिसलं तर कोठाराला कुणी विचारणार नाही. आपल्याला विचारतील, की माल आला तो गेला कुठे? म्हणजे आपण खाल्ला. नाहीतर विकला."

"कुणाला विकला? डोंगराला?"

"ते चौकशीत ठरवतील."

"मग तुम्ही बोला ना तोंडाने. अधिकारी आहात."

"बोललो होतो. आधीच्या चौकीवर असताना बोललो होतो," साहेब म्हणाले. "म्हणून इथे आहे."

आचाऱ्याला या पोरसवदा साहेबाची कीवही आली आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की माणूस दार जरा जोरात लावून बाहेर पडतो. तसाच तो पडला.

दुपारी पेटीवाला बराकीतल्या शेगडीपाशी पाय शेकत बसला होता. आचाऱ्याने पेटीतलं एक संत्रं उचललं. चोरी म्हणा हवं तर. त्याने स्वच्छ वाटी घेतली, चिमूटभर साखर काढून ठेवली, आणि संत्र्याचे आडवे दोन भाग केले.

रस निघाला नाही. आत जुन्या उशीतल्या कापसासारखं काहीतरी होतं, तपकिरी, कोरडं. सुरीला ओलसुद्धा लागली नाही. त्याने दुसरं कापलं, तेही तसंच. लिंबू कापलं, ते आत काळं पडलं होतं. बाहेरून मात्र सगळं असं चकाकत होतं की आताच झाडावरून उतरवलंय.

"अरे अरे अरे!" पेटीवाला दारात उभा होता, एका पायात बूट, एक पाय मोज्यात. "काय केलंस हे? कापलंस कशाला?"

"कशाला कापतात फळ?"

"बघायचं असतं रे ते, बघायचं!" त्याने कापलेले तुकडे गोळा केले आणि खुर्चीवर मटकन बसला. "हे उन्हाळ्यातलं आहे. हे गोठतं, वितळतं, परत गोठतं. आत काय राहणार? मी रोज सकाळी तेलाचा बोळा फिरवतो म्हणून बरं दिसतंय."

"तेल?"

"फडक्यावर दोन थेंब. चकाकी येते. आणि या कोबीची तर मी लेकरासारखी काळजी घेतो. दर चौकीवर वरची पानं सोलावी लागतात. निघालो तेव्हा डोक्याएवढा होता, आता मुठीएवढा झालाय. खाली वाटी पालथी घालतो आणि त्यावर बसवतो." यात थोडा अभिमान होता. कारागीर आपल्या कामाबद्दल सांगतो तसं तो सांगत होता.

"तेल कुणाचं वापरतोस?"

"ज्या चौकीवर असेन तिचं. तेही आणायला लागलो तर खेचर मरेल की." मग त्याला आठवण झाली. "बरं झालं विषय निघाला. सकाळी थोडं काढून ठेव."

आचाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौकीवर तेलाचा एकच डबा उरला होता, आणि त्यातलं किती आणि कशाला, यावर त्याचं रोज स्वतःशी भांडण व्हायचं. "तुला लाज कशी वाटत नाही?" तो म्हणाला. "एका पोराच्या तोंडातून रक्त वाहतंय, आणि तू सडक्या फळाला माझ्या माणसांचं तेल चोळतोस?"

"मला का बोलतोस? मला पेटी देतात, मी वाहतो. खेचराला कधी जाब विचारलास?"

"खेचर निदान मांडणी करत नाही."

पेटीवाला हळू आवाजात म्हणाला, "घरी दोन मुली आहेत मामा. मी नाही म्हटलं तर पेटी उद्या दुसऱ्याच्या पाठीवर जाईल, आणि मी या चौकीवर पहाऱ्याला येईन. फरशी खायला." त्याने अर्धी कापलेली संत्री एकमेकांवर ठेवून पाहिली, जमेना, मग कापलेली बाजू खाली करून मांडून पाहिली. "जमेल. हे पुढे दिसेल, ते मागे राहील. साहेब टेबलाच्या पलीकडे कधी जात नाहीत."

आचाऱ्याची बायको म्हणायची, तुमचा राग उतू जातो तोवर ठीक असतं, तळाला लागला की मला भीती वाटते. आता तो तळाला लागला होता. त्याने निमूटपणे एका वाटीत तेल काढून पेटीवाल्यापुढे ठेवलं. पेटीवाल्याला वाटलं, समजूत पटली.

सकाळी आकाश निरभ्र होतं. पेटीवाल्याने जेवणाच्या खोलीत चादर अंथरली आणि तासभर खपून मांडणी केली. संत्र्यांचा ढीग, सफरचंदांची ओळ, पालथ्या वाटीवर कोबी, तडा गेलेल्या बाजू खाली करून ठेवलेली अंडी. मग तो खेचरांच्या गोठ्यात जाऊन लपला. तपासणीच्या वेळी तो नेहमीच लपायचा. एकच माणूस रोज वेगवेगळ्या चौकीवर दिसला तर मोठ्या साहेबांना ते नजरेआड करणं जड गेलं असतं.

छोट्या साहेबांनी माणसं बाहेर रांगेत उभी केली. टेबलाजवळ आचारी एकटा राहिला. पांढरा सदरा घालून मांडणीशेजारी ताठ उभं राहायचं, एवढंच त्याचं काम.

दूरवर हेलिकॉप्टरची घरघर ऐकू आली. आचाऱ्याने सुरी घेतली.

इतक्या वर्षांचा हात होता, घाई असली तरी काम वेडंवाकडं झालं नाही. संत्री आडवी कापली, सफरचंदं उभी, लिंबं मधोमध. टोमॅटो कापावेच लागले नाहीत. सुरीचं टोक लागताच ते चादरीवर बसले. कोबीचे दोन भाग केले आणि खालची वाटी सुलटी करून शेजारी ठेवली. शेवटी अंडी फोडून बशीत काढली, आणि तेव्हा मात्र खोलीला वास आला. प्रत्येक तुकडा त्याने जागच्या जागी परत ठेवला, कापलेली बाजू दाराकडे करून. टेबलावरचं काहीही कमी झालं नव्हतं. फक्त ते आतून दिसत होतं.

मोठे साहेब आत आले. उंच, दाढी घोटलेले, हातात चामड्याचे मोजे. त्यांच्यामागे सरकारी फोटोग्राफर. रांग मोडून जवानही आत येऊन भिंतीशी उभे राहिले, कारण फोटोत मांडणीमागे जवान लागत. छोटे साहेब सगळ्यांत शेवटी आले. टेबल पाहताच त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

मोठ्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला. ते टेबलापाशी आले, एक अर्धं संत्रं उचललं, आत बोट घातलं. मोज्यावर तपकिरी भुगा आला. तो त्यांनी झटकला. त्यांना कळलं होतं. कळण्यासारखं काही नव्हतंच, दिसतच होतं सगळं. मग ते भिंतीशी उभ्या असलेल्या माणसांकडे वळले आणि तपासणीत जे विचारतात तेच त्यांनी विचारलं.

"काही तक्रार?"

"नाही साहेब!"

छप्पर उडेल असा आवाज आला. आणि त्या आवाजात सगळ्यांत वरचा आवाज आचाऱ्याचा होता.

हे उत्तर भरतीच्या पहिल्या आठवड्यात घशात बसवलेलं असतं. पावसात उभं करून, उन्हात उभं करून, दिवसातून शंभरदा. त्याचा डोक्याशी संबंध राहत नाही. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तसा घसा उडतो. सडलेलं सगळं कापून, वाट पाहत, एका वाक्याची मनात जुळवाजुळव करून उभ्या असलेल्या माणसाचा घसाही तसाच उडाला. आचाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि वाटलं, आपल्याच थोबाडीत मारावी.

"तक्रार नाही," मोठे साहेब सावकाश म्हणाले. "मग हे काय आहे?"

जवान समोर बघत ताठ उभे राहिले.

"ताजा शिधा व्यवस्थित पोचलेला दिसतो. तो चौकीने नासवला. सांभाळता आला नाही. वर ही थट्टा." ते छोट्या साहेबांकडे वळले. "हे कुणी केलं?"

आचारी एक पाऊल पुढे आला. "साहेब, मी..."

"याने," छोटे साहेब म्हणाले, आणि त्यांनी पोपटाकडे बोट दाखवलं.

क्षणभर कुणालाच काही समजलं नाही. आचाऱ्याला वाटलं, साहेबांना भीतीने वेड लागलं. पण पोपट यंत्रापुढे बसणारा माणूस. अर्ध्या तुटक्या वाक्यावरून अख्खा निरोप ओळखायची त्याला सवय होती. त्याने छोट्या साहेबांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर उभ्या हेलिकॉप्टरकडे पाहिलं, आणि पुढे आला.

"मी केलं साहेब."

"हे खोटं आहे!" आचारी ओरडला. "सुरी माझ्या..."

"मामांनी मला अडवलं होतं साहेब," पोपट त्याच्यावर आवाज चढवून म्हणाला. "त्यांच्या हातून सुरी हिसकावली मी. ते मला वाचवायला बघतायत." एवढं बोलताना त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ हनुवटीवर आला. मोठे साहेब एक पाऊल मागे सरले.

"याला काय झालंय?"

"आरोपीची वैद्यकीय तपासणी कोठडीत घालण्याआधी करावीच लागते साहेब," छोटे साहेब म्हणाले. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "खाली. नियम आहे."

"नियम मला शिकवू नका. याला आजच खाली घ्या. सरकारी मालाची नासधूस." मोठ्या साहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि फोटोग्राफरला म्हणाले, "इथला फोटो नको."

हेलिकॉप्टरमध्ये जागा मोजक्याच. आरोपी चढला म्हणून फोटोग्राफर उतरला. दोन दिवसांनी पेटीवाला पुढच्या चौकीवरून याच वाटेने परतेल, तेव्हा त्याच्या खेचरांबरोबर चालत या, असं त्याला सांगण्यात आलं. पोपटाचं सामान लांब्याने आणून दिलं. लांब्या म्हणजे रात्रपाळीचा पहारेकरी. छपराला डोकं लागतं म्हणून बराकीत वाकून चालायचा. आचारी पोपटाजवळ गेला, पण पंख्याच्या घोंगावण्यात बोलणं अशक्य होतं. पोपटाने त्याला डोळा मारला. मग दार लागलं.

छोट्या साहेबांच्या खोलीत आचारी न विचारता शिरला.

"माझा गुन्हा त्याच्या डोक्यावर टाकलात."

"टाकला."

"त्याची नोकरी गेली तर? लग्न मोडलं तर?"

"दात गेले असते. मग बाकीचं. कंपाउंडरला विचार, पुढे काय काय जातं." साहेब खाटेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये. "रुग्ण म्हणून जागा मागितली, मंजुरी विचाराधीन. आरोपी म्हटल्यावर घटकाभरात उडाला. तुझं नाव सांगितलं असतं तर तू गेला असतास. इथे शिजवलं कुणी असतं, आणि त्याला नेलं कुणी असतं?"

"आणि मी कापलं ते? ते कशासाठी कापलं मी?"

साहेब उठून खिडकीशी गेले. शेरा काय पडणार ते दोघांनाही ठाऊक होतं : ताजा शिधा पोचला, चौकीने नासवला. शेवटच्या खेचरांवर रॉकेल येणार होतं, आणि डबे, आणि फरशी.

बाहेर पेटीवाला गोठ्यातून निघाला होता आणि टेबलापुढे तोंड वासून उभा होता. "आता मी पुढे काय मांडू?" तो रडकुंडीला आला होता.

"हेच मांड," आचारी म्हणाला. "सगळं आहे बघ. काही खाल्लेलं नाही."

पेटीवाल्याने निमूटपणे तुकडे कागदात गुंडाळले. त्याच्या डोक्यात काय होतं कळलं नाही. पण जाताना त्याने तेल मागितलं नाही.

दुपारी जेवणाच्या खोलीत फोटोग्राफर आला. गुबगुबीत कोटातला सभ्य माणूस, सकाळपासून उपाशी. "काय आहे जेवायला?"

"तुम्ही आजवर इतके फोटो काढलेत," आचारी म्हणाला. "त्यातलंच काहीतरी खा."

माणूस लालबुंद झाला. आचाऱ्याने त्याच्यापुढे डब्यातलं मांस, सुक्या बटाट्याचा लगदा आणि एक बिस्किट ठेवलं. फोटोग्राफरने बिस्किट दाताखाली धरलं आणि लगेच गालाला हात लावला. भिंतीशी बसलेले जवान शांतपणे बघत होते. कुणी हसलं नाही. हसण्याइतका तो त्यांना आपला वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी यंत्रावर छोटे साहेब स्वतः बसले. संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "पोपटाला इस्पितळात ठेवून घेतलंय. डॉक्टरांनी कोठडीला नकार दिला. म्हणाले, आधी बरा होऊ दे, मग काय ते करा." मग म्हणाले, "त्याला संत्री देतायत."

आचाऱ्याने हातातली पळी खाली ठेवली. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण लगेच तो आनंदच त्याला चावला. खाली संत्री होती. इतका वेळ होती.

"आणि नवीन हुकूम आलाय," साहेब म्हणाले. "यापुढे नमुन्याची पेटी काचेच्या झाकणाची असेल. कुलूपबंद."

आचारी हसला. साहेब पहिल्यांदाच त्याच्याबरोबर हसले, आणि ते हसू दोघांनाही आवडलं नाही.

ते गेल्यावर लांब्या वाकून दारातून आत आला. त्याने खालचा ओठ बोटाने ओढून दाखवला. हिरडी जांभळी दिसत होती, दातांच्या मुळाशी बारीक लाल रेघ.

"कधीपासून?" आचाऱ्याने विचारलं.

"बरेच दिवस झाले. पोपटाचं जास्त होतं म्हणून बोललो नाही. आणि कंपाउंडर म्हणाला, दिवसपाळीच्या पहाऱ्यावरच्या त्या लठ्ठ्याचीही सुरुवात आहे." त्याने आवाज खाली आणला. "मामा, उद्या पेटीवाला परत खाली जाणार ना? खेचरांबरोबर आरोपी नेतात का?"

"नेतात. आजारी नेत नाहीत."

"मग मी काय फोडू?"

तो चेष्टा करत नव्हता. घरचा थोरला मुलगा बाजारात जाताना काय आणू विचारतो, तितक्या सरळपणे विचारत होता. आचाऱ्याने स्वयंपाकघरावर नजर फिरवली. पातेली होती, पण पातेल्यासाठी खाली कुणी माणूस नेणार नाही, वेतनातून कापून मोकळे होतील. स्टोव्ह फोडला तर बाकीचे थंडीने मरतील. त्याने हात पुसले आणि लांब्याला घेऊन साहेबांच्या खोलीकडे निघाला.

"साहेब," तो दारातून म्हणाला, "या चौकीवर अशी कुठली वस्तू आहे, जी मोडली तर खालची माणसं धावत येतील?"

छोट्या साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, लांब्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग गळ्यातली दुर्बीण काढून मेजावर ठेवली.

"ही," ते म्हणाले. "ही मोडली तर कारण द्यावं लागतं, आणि ते कारण मोडणाऱ्या माणसासकट खाली पाठवावं लागतं. पहाऱ्यावर एक जुनी आहे, तिच्यावर आपलं भागेल."

लांब्याने दुर्बीण दोन्ही हातांत घेतली. नवी होती, जड होती, आणि तिच्या पट्ट्यावर सरकारी शिक्का होता. तो तिच्याकडे घाबरून बघत राहिला. वीस वर्षं नोकरी करून त्याने कधी एक ग्लास फोडला नव्हता.

"आत्ता नको," आचारी म्हणाला. "सकाळी, खेचरं खिंडीत दिसली की."

"आणि तो लठ्ठ्या?" लांब्याने विचारलं.

आचारी साहेबांकडे वळला. साहेब खोलीत इकडेतिकडे बघू लागले.